पोराला दे

चेंडू माझ्या पोटात बसला तेव्हा मी अप्पांसाठी उकडलेलं अंडं सोलत होते. आधी तो समोरच्या खुर्चीच्या पाठीवर आपटला, तिथून उसळून माझ्या पोटावर आला आणि घरंगळत मांडीत थांबला. अंडं खाली पडलं. क्षणभर श्वास अडकला. अशा वेळी माणूस घाबरतो म्हणतात, मी घाबरले नाही. मला एवढंच वाटलं, आला एकदाचा. मी दोन्ही हातांनी त्याला झाकलं. चामडं गुळगुळीत होतं, लाल टाके बोटांना लागत होते, एका जागी बॅटचा काळपट डाग होता, त्यावर मी अंगठा ठेवला. इतकी वर्षं हा खेळ बघते आहे, आमच्या संघातला कोण कुठल्या पायावर जोर देऊन उभा राहतो ते मी डोळे मिटून सांगेन, पण बेसबॉलचा चेंडू मुठीत धरला की किती कडक लागतो हे मी विसरून गेले होते.

मग आवाज सुरू झाला. आधी मागच्या रांगेतून, मग डावीकडून, मग वरच्या मजल्यावरूनही. पोराला दे. पोराला दे. आमच्या बुसानमधल्या या साजिकच्या मैदानात रेषेबाहेर जाऊन प्रेक्षकांत पडलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा, पण तो हातात घेऊन जरा हसून घेईपर्यंतच. जवळपास जे कुठलं लहान मूल असेल त्याच्या हाती तो गेल्याशिवाय लोक थांबत नाहीत. तुम्ही म्हातारे असा, मंत्री असा, ओठ फुटून रक्त येत असो, द्यायचा म्हणजे द्यायचा. बुसानच्या माणसांना या चालीचा फार अभिमान. तिकडे राजधानीतले सोलवाले चेंडू खिशात घालून घरी जातात, आम्ही नाही, असं बाहेरगावच्या पाहुण्याला पहिल्या बैठकीतच सांगून टाकतात. चाल चांगलीच आहे, मी कुठे वाईट म्हणते. चांगल्या चालीविरुद्ध बोलायला माणसाला तोंडच राहत नाही, एवढाच तिच्यात त्रास आहे. माझ्यापुढे दोन रांगा सोडून एक चिमुरडी बसली होती, दोन वेण्या, हातात तिच्या डोक्याएवढा बेसबॉलचा हातमोजा. ती वळून माझ्याकडे बघत होती. तिची आईसुद्धा बघत होती, आणि आई आधीच आभाराचं हसू तोंडावर आणून बसली होती. मी चेंडू आणखी घट्ट धरला.

सगळ्यांत जवळचा आवाज अप्पांचा होता. माझ्या शेजारच्या खुर्चीत, माझ्याच कानाशी, माझे वडील सगळ्या मैदानाबरोबर ओरडत होते, पोराला दे. त्यांच्या तोंडातले खालचे दात मी बनवलेले आहेत. मी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर परक्यांचे जबडे प्लास्टरमध्ये ओतते. गेल्या वर्षी त्यांचे दात गेले तेव्हा साचा मीच घेतला, रंग मीच जुळवला, चावताना टोचतं म्हणाले म्हणून तीनदा घासून दिले. आता ते दात उन्हात चमकत होते. माझ्यावर ओरडायला ते माझेच दात वापरत होते. त्याआधी, दुसऱ्या डावात, सुका माकूल दातांना झेपत नाही म्हणून नुसता चोखत असताना, त्यांनी विचारलं होतं, "तुझ्याकडची ती मागची खोली रिकामीच असते ना ग?" विचारलं मैदानाकडे बघत. मला त्यांची रीत माहीत आहे. जे खरंच हवं असतं ते मागताना ते माणसाकडे बघत नाहीत. बोमचोनच्या चढावर ज्या आळीत त्यांची भाड्याची खोली आहे ती आळीच पाडायची आहे, पावसाळ्याआधी सगळ्यांना निघायचं आहे. आई जाऊन तीन हिवाळे झाले. दुसरं मूल नाही. मी म्हणाले, "सामना संपल्यावर बोलू." खरं म्हणजे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. कपडे वाळत घालायचा घोडा मी त्या खोलीतून कालच काढला होता, जमिनीवर घालायची जाड गादी आणून ठेवली होती, अप्पांना मऊ गादी चालत नाही म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालून कडक घेतली होती. हे त्यांना मी सामना संपेपर्यंत सांगणार नव्हते. थोडं ताटकळू दे म्हटलं. मला ते ताटकळताना बघायला आवडतं.

मी लहान असताना आमचा संघ हरायचा. हरायचा हा शब्द थोडा आहे. शेवटून पहिला येणं हा त्याचा धंदाच झाला होता. वर्षामागून वर्ष. मैदानात माणसं इतकी कमी की फलंदाजाने थुंकलेलं ऐकू यायचं. लोक बाकांवर आडवे होऊन झोपत. कोणी गॅसची शेगडी आणून डुकराचं मांस भाजत बसे आणि धुराने आम्ही सगळे डोळे चोळत असू. एकदा एक माणूस वरच्या रिकाम्या मजल्यावर सायकल चालवत होता, आणि सामन्यापेक्षा आम्ही त्यालाच टाळ्या वाजवल्या होत्या. अप्पा मला तिथे रोज न्यायचे. त्यांचा बुटांचा कारखाना तोवर बंद पडून परदेशी गेला होता. वीस वर्षं बुटांच्या तळव्यांना गोंद लावून त्यांच्या बोटांवरचे ठसे गेले होते, आणि आता त्या बोटांना काम नव्हतं. आई बुजोन बाजारात एका गाळ्यावर माशाच्या वड्या तळायची, घरी यायची ती तेलकट आणि गप्प. भर दुपारी रिकाम्या हाताने फिरणारा माणूस बेकार दिसतो. तोच हाताला मूल धरून निघाला की बाप दिसतो. हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा मला वाटायचं की मी त्यांना आवडते म्हणून नेतात. आवडत असेनही, उगाच कशाला खोटं बोला. बस चढणीवरून उतरायला लागली की ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे, ब्रेक लागला तर पडू नये म्हणून. तो हात, त्याचा गोंदाचा वास कारखाना बंद झाल्यावरही कितीतरी दिवस गेला नव्हता. मला तो वास फार आवडायचा. अजून कुठे बुटाच्या दुकानावरून गेले की पाय हळू होतात आणि मग स्वतःचाच राग येतो.

आम्ही बसायचो मैदानाच्या पार मागच्या अंगाला, सगळ्यांत स्वस्त बाकांवर. तिथे रेषेबाहेरचे चेंडू येत नाहीत. तिथे येतो तो फक्त होमरन, कुंपणावरून उडून आलेला. आणि आमच्या लोकांना होमरन मारायचं कोणी शिकवलंच नव्हतं. त्यामुळे येत ते पाहुण्यांचेच. असाच एक आला; मी आठेक वर्षांची असेन. तो रिकाम्या बाकांवर टपटप उड्या मारत खाली गेला, मी त्याच्यामागे बाकांखालून रांगत गेले, गुडघा फुटला, कोणाच्या तरी सांडलेल्या सूपमध्ये हात गेला, पण धरला. धरला आणि छातीशी घेऊन उभी राहिले. पहिल्यांदा काय झालं तर अप्पा हसले. खरंच हसले, मला आठवतं. मग पलीकडून एक दारुडा म्हातारा ओरडला, "फेकून दे तो." दुसरा ओरडला. मांस भाजणारे उठले. सगळे मिळून पंचवीस-तीस माणसं असतील, पण रिकाम्या मैदानात तेवढ्यांचाच केवढा तरी आवाज झाला. शत्रूने मारलेला चेंडू घरी नेत नाहीत, परत मैदानात भिरकावतात, अशी तिथली रीत. अप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याची दिशा बदलली. आता ते त्या लोकांकडे बघून हसत होते.

"आण इकडे," ते म्हणाले.

"मला सापडलाय."

"शत्रूचा चेंडू घरात नेतात का, वेडे? घराला अवदसा लागते."

मी मूठ सोडली नाही. त्यांनी माझी बोटं एकेक करून उघडली. मारलं नाही, ओरडले नाहीत, शेंगा सोलाव्यात तशी शांतपणे उघडली, आणि शेवटची करंगळी उघडताना ती जरा मुरगळली तेव्हा "सॉरी हं" असंही म्हणाले. मग पाय मागे घेऊन त्यांनी तो चेंडू असा काही फेकला की कुंपण ओलांडून हिरवळीच्या मध्यापर्यंत गेला. पंचवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. दारुड्या म्हाताऱ्याने कागदी पेल्यात सोजू ओतून दिली, "काय हात आहे रे तुझा." अप्पांनी पेला दोन्ही हातांनी घेतला, वडीलधाऱ्यांपुढे पितात तसे तोंड वळवून प्याले आणि सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. कारखाना बंद झाल्यापासून त्यांच्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. कारखाना चालू असताना तरी कुठे वाजवत होते. परतताना बसमध्ये ते माझ्या गुडघ्यावर थुंकी लावत म्हणाले, "आपल्या लोकांनी मारलेला चेंडू येऊ दे, तो तुझा. बापाचा शब्द आहे." मी लगेच विश्वास ठेवला. मुलं मूर्खच असतात, त्यात मी हुशार समजली जायचे.

"ए ताई, लग्न कर, होईल तुलाही एक पोर, आता तो दे!" मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. दुसरा म्हणाला, "अंडं समजून सोलतेय की काय?" पुन्हा हशा. बुसानची माणसं चेष्टा करतात तेव्हा त्यांना तुम्ही आवडलेले असता, ती गप्प झाली की समजायचं बिनसलं. अजून ती चेष्टा करत होती. मोठ्या पडद्यावर माझा चेहरा आला. केस विस्कटलेले, हनुवटीला मघाशी खाल्लेल्या अंड्याचा पिवळा बलक, दोन्ही हात पोटाशी. मला माझा चेहरा फार म्हातारा वाटला. अप्पा कोपर मारत म्हणाले, "दे ना ग. काय तमाशा लावलायस. लोक बघतायत." लोक बघतायत. माझ्या लहानपणी हे वाक्य मी जेवढं ऐकलं तेवढं माझं नावही ऐकलं नसेल. माझं नाव यूनसल. आईने ठेवलं, पाण्यावर चकाकणाऱ्या उन्हाचं नाव आहे ते. अप्पांना ते लांबट वाटायचं, ते "ए" म्हणायचे.

मग तो उन्हाळा आला ज्यात आमचा संघ अचानक जिंकायला लागला. मी तेव्हा चौदा वर्षांची, आईपेक्षा बोटभर उंच, शाळेच्या गणवेशात थोराड दिसणारी. सगळं शहर मैदानावर लोटलं. जे कालपर्यंत आम्हाला वेडे म्हणत होते ते वर्तमानपत्रांच्या झिरमिळ्या करून नाचायला लागले, कचऱ्यासाठी वाटलेल्या नारिंगी पिशव्या फुगवून डोक्याला बांधायला लागले. मला त्यांचा राग यायचा. हा संघ आमचा होता, अप्पांचा आणि माझा, आम्ही त्याला रिकाम्या मैदानात सांभाळला होता, आणि आता हे उपरे त्याची गाणी आमच्याहून मोठ्याने म्हणत होते. आईच्या गाळ्यावरच्या एका गिऱ्हाईकाने दोन तिकिटं दिली, रेषेजवळची, चांगली. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही तिथे बसलो जिथे चेंडू येतात. अप्पांनी सकाळी दाढी केली होती. डोक्याला पिशवी त्यांनीही बांधली. मी बांधली नाही. आणि आठव्या डावात आमच्या फलंदाजाने मारलेला चेंडू उंच गेला, वळला, आणि सरळ आमच्याकडे उतरायला लागला. अप्पा उभे राहिले आणि त्यांनी तो उघड्या हातांनी झेलला. करंगळी मोडली, ती आजही वाकडी आहे. पण सोडला नाही.

मी दोन्ही हात पुढे केले. वडीलधाऱ्यांकडून काही घेताना करायचे तसे, ओंजळ करून. हा आपल्या लोकांचा चेंडू होता आणि बापाचा शब्द होता. पोराला दे, पोराला दे, सगळं मैदान गर्जत होतं आणि मला वाटलं, ते माझ्यासाठीच ओरडतायत. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या ओंजळीकडे बघितलं. हे मी नंतर रचलेलं नाही, त्यांनी बघितलं. मग त्यांची नजर सरकली. पुढच्या रांगेत एक बाई मांडीवर बाळ घेऊन बसली होती, वर्षासव्वा वर्षाचं, संघाचा इवलासा सदरा घातलेलं, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेलं. लोक त्याच्याकडे बोट दाखवत होते. अप्पांनी खाली वाकून त्या झोपलेल्या बाळाच्या पोटावर चेंडू ठेवला. काय टाळ्या. काय शिट्ट्या. बाळ दचकून उठलं आणि भोकाड पसरून रडायला लागलं, तर लोकांना आणखीच गंमत वाटली. मोठ्या पडद्यावर अप्पा दिसले, डोक्याला नारिंगी पिशवी, मोडकी करंगळी धरलेली, चारी दिशांना वाकून नमस्कार करताना. इतके सुंदर ते मला आधी कधी दिसले नव्हते, नंतरही नाही. माझी ओंजळ तशीच पुढे राहिली होती, हात मागे घ्यायचे असतात हे सुचलंच नाही. शेजारच्या बाईला वाटलं मी काही पुसायला मागतेय, तिने ओंजळीत एक कागदी रुमाल ठेवला. मी तिला थँक्यू म्हणाले.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जगात सगळीकडे असतं म्हणतात. आमच्याकडे उलट. घरी आल्यावर आईने तेलाचे हात पुसत सगळी कथा ऐकली आणि एवढंच विचारलं, "आणि हिला?" अप्पा म्हणाले, "ही काय लहान आहे?" पुढच्या आठवड्यात कथा खालच्या न्हाव्याकडे पोचली, मग जुन्या कारखान्यातल्या लोकांकडे, मग नातेवाइकांकडे. प्रत्येक वेळी तिला नवीन पान फुटायचं. बाळ मोठं होत गेलं. आधी तीन वर्षांचं झालं, मग पाच, मग ते आजारी निघालं, मग त्याचं हृदयाचं ऑपरेशन होणार होतं. आणि तेवढ्याच बेताने मी लहान होत गेले. पहिल्यांदा मी शेजारी बसलेली असायचे. मग नुसती 'बरोबर' असायचे. आणि एक दिवस मी नव्हतेच. आई वारली तेव्हा इस्पितळाच्या अंत्यविधीच्या दालनात तीन दिवस पाहुणे येत होते, मी काळे कपडे घालून लाल रस्शाच्या वाट्या वाढत होते. एका टेबलाशी अप्पा बाहीवर सुतकाची पट्टी लावून कारखान्यातल्या मित्रांबरोबर बसले होते. तिथेही ते सांगत होते. "बायको कामावर. मी म्हटलं चला, जाऊन बघू. एकटाच गेलो होतो. आणि चेंडू आला सरळ माझ्याकडे." मी वाटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी सरळ केली आणि पुढे सांगायला लागले. अप्पांच्या पाठीवर थाप मारत एक मित्र म्हणाला, "आपला गीचोल म्हणजे देवमाणूस आहे हो. दुसऱ्याच्या पोरासाठी हाड मोडून घेतलं याने." वर भिंतीवर आईचा फोटो होता. त्या क्षणी आईचं मेलेलं असणं मला पहिल्यांदा नीट कळलं, कारण 'आणि हिला?' असं विचारणारं आता कोणी नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि रस्सा आणखी गरम केला. एवढा गरम की पुढच्या फेरीत त्यांची जीभ पोळली. तेवढंच समाधान.

चेष्टा थांबली होती. आता मैदान नुसतं ओरडत होतं, आणि मधूनच हुर्योही ऐकू यायला लागली. पुढच्या चिमुरडीचं तोंड पडलं. तिची आई हसू आवरतं घेऊन मला न्याहाळत होती, घेतलेलं परत द्यावं लागणाऱ्या माणसाकडे बघतात तसं. कॅमेरा माझ्यावरून हलत नव्हता. चेंडू खिशात टाकून बसून राहायचं, एवढं सोपं होतं. माझ्यात तेवढा निगरगट्टपणा आहे. पण मग तो नुसता सापडलेला चेंडू झाला असता. मला सापडलेला नको होता. मला दिलेला हवा होता.

मी अप्पांचा हात धरला, वाकड्या करंगळीचा, आणि चेंडू त्यांच्या तळव्यावर ठेवला. मैदानाला वाटलं म्हातारा आता निकाल लावणार, आवाज चढला. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"अप्पा, हा मला हवाय. तुम्ही तो मला द्या."

"काय?"

"मला द्या. माझ्या हातात. मी मागतेय."

त्यांनी ऐकलं. मान दोनदा हलवली. "हो, हो, कळलं," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, बस उतारावर असावी तसा. माझे डोळे भरून आले, यात लपवण्यासारखं काय आहे. त्या एका क्षणात मी त्यांना सगळं देऊन टाकलं, मागची खोली, गादी, सकाळचं सूप, म्हातारपण, आजारपण, लाळ पुसणं, सगळं. मग माझ्या डोक्यावर भार देऊन ते उठले. उठायला आधार हवा होता. खुर्च्यांना धरत दोन रांगा खाली गेले आणि त्या वेण्यावालीच्या हातमोज्यात त्यांनी चेंडू ठेवला. मैदान टाळ्यांनी दणाणलं. त्यांनी पाठ सरळ केली आणि चारी दिशांना वाकून नमस्कार केला, तसाच, तितक्याच सावकाश. तरीही मी खोली देणार होते. खरं सांगते. माणूस म्हातारा झाला की त्याला टाळीची सवय सुटत नाही, बाळाला चोखणीची सुटत नाही तशी, असं मी स्वतःला समजावलं आणि पायाखालचं अंडं टिश्यूने गोळा करायला लागले.

पण डाव संपला होता आणि पांढरे हातमोजे घातलेला, प्रेक्षकांकडून गाणी-घोषणा म्हणवून घेणारा जल्लोषवाला माईक घेऊन पायऱ्या चढत आमच्याकडेच आला. अप्पा नुकते खुर्चीशी पोचत होते. त्याने त्यांच्या खांद्यावर हात टाकला. पडद्यावर फक्त ते दोघे होते, मी चौकटीच्या बाहेर, वाकलेली, हातात टरफलं.

"काका, काय मन आहे हो तुमचं! जरा हट्टी होत्या नाही का त्या ताई?"

मैदान हसलं. अप्पाही हसले. "असतात एकेक," ते म्हणाले.

"पण काका, घरचं कोणी नाही का बरोबर? चेंडू घरी न्यावासा नाही वाटला कोणासाठी?"

"छे छे," अप्पा माईकमध्ये म्हणाले. त्यांचा आवाज सगळ्या कर्ण्यांतून आला, वरून, मागून, मैदानापलीकडून. कथेचा आवाज होता तो, न्हाव्याच्या दुकानातला, सुतकातला. "मी एकटाच येतो. कोणी नाही मला. मागेही एकदा असंच झालं होतं, एक आजारी मुलगा होता..." आणि त्यांनी सगळी कथा सांगितली, हृदयाच्या ऑपरेशनसकट. मैदान ऐकत होतं. पुढची आई डोळे टिपत होती. जल्लोषवाल्याने त्यांना तळलेल्या कोंबडीचं कूपन दिलं आणि वाकून नमस्कार केला.

ते बसले. चेहरा लाल झाला होता, कपाळावर घाम, तरुण दिसत होते. मागच्या पोरांनी त्यांच्यापुढे बिअर धरली, "घ्या काका." त्यांनी घेतली, तोंड वळवून प्याले, ओठ पुसले. मग सगळं स्थिरस्थावर झाल्यावर, मैदानाकडे बघत, म्हणाले, "हं. खोलीचं काय ते बोलणार होतीस."

"एकट्या माणसाला माझ्या घरातली खोली कशाला लागते, अप्पा?"

ते हसले. मी बनवलेले सगळे दात दिसले. मग हसू तसंच ठेवून त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि मला दिसलं की आत काहीतरी मागे मागे जातंय, शब्द शोधतंय. "मी असं म्हणालो? आत्ता? माईकवर?"

"सगळ्यांनी ऐकलं."

"अग, ते... ते आपलं सवयीने निघून गेलं तोंडातून."

"सवय आहे ना? मग जमेल तुम्हाला," मी म्हणाले. माझा आवाज इतका सरळ आला की मलाच नवल वाटलं. आणि मला बरं वाटलं. छातीत थंडगार, स्वच्छ बरं वाटलं, असं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. ते "यूनसल" म्हणाले. लांबट नाव, पूर्ण उच्चारलं. बिअरचा पेला त्यांच्या हातात वाकडा होऊन विजारीवर सांडत होता. तेवढ्यात आमच्या फलंदाजाने जोरदार फटका मारला, चेंडू उंच चढला, मैदानातली झाडून सगळी माणसं उठली आणि माना वर करून बघायला लागली. अप्पा बसूनच होते. ते माझ्याकडे बघत होते. मी उठून चेंडूकडे बघत राहिले.